ध्रुवीय प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही निघतात म्हणे, मग त्या रेडिओवर का लागत नाहीत?

आयनमंडल, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला विद्युतभारित थर, आडवं येतं. ध्रुवीय पट्ट्यावर काही हजार किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत खाली येतात. काही वातावरणात घुसून तो प्रकाश देतात, बरेचसे वाढत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उलटे फिरतात. या परतणाऱ्यांची ऊर्जा त्यांच्याच गिरकीच्या वारंवारितेच्या लहरींना मिळते: साधारण 50 ते 500 किलोहर्ट्झ, म्हणजे मीडियम वेव्हच्याही खाली. आयनमंडल त्यांना वरच्या वरच परतवतं. शक्ती मात्र जबरदस्त! जोर असताना 1 अब्ज वॅटपर्यंत. अमेरिकन अवकाश-भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड गर्नेट यांनी 1974 मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून या लहरींची ही शक्ती आणि ध्रुवीय प्रकाशाशी असलेलं नातं मांडलं.

ऐकायचंच असेल तर व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी पकडणारा) रिसीव्हर बघा. काही किलोहर्ट्झच्या, पाखरांच्या किलबिलाटासारख्या वाटणाऱ्या वेगळ्या प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) लहरी चुंबकीय रेषा धरून जमिनीपर्यंत पोचतात.