कोणती रेड वाईन घ्यावी, याआधी ती कुठे ठेवली होती ते विचारा

लातूरकर, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात शहरातल्या दुकानातून चांगली नावाजलेली भारतीय रेड वाईन आणली, ती शिजवलेल्या मनुकांसारखी लागली आणि शेवटी आंबट ढाण. आपल्याकडच्या रेड असल्याच असतात का, आणि घ्यायच्या तर कोणत्या, हा तुमचा प्रश्न. संभाजीनगरात मी नेमकं हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची वाईन मुळात वाईट नसावी, उन्हाने तिचं वाटोळं केलंय.

माझीही बाटली महागातली होती. गळ्याशी फॉइल चिकट लागत होतं. ते काढलं तर बूच तांदळाच्या दाण्याएवढं वर आलेलं आणि त्याच्या बाजूने खालून वरपर्यंत जांभळी रेघ. उष्णतेने वाईन फुगते, बूच ढकलते, फटीतून पाझरते. मग हवा आत शिरते. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "साहेब, वाईन आंबटच असते." माल ठेवायची जागा पाहिली तर मागे पत्र्याचं गोडाऊन, आणि खोके अगदी पत्र्याला टेकेपर्यंत रचलेले! त्याने वितरकाच्या कार्यालयात पाठवलं. तिथे उत्तर एकच: बाटली सीलबंद असेल तरच तक्रार घेऊ. अहो, उघडल्याशिवाय वाईन बिघडलीय हे कळणार कसं? मग बिलावर बॅच नंबर नाही, हे दुसरं कारण निघालं. वितरक दुकानदाराकडे बोट दाखवतो, दुकानदार वितरकाकडे. पैसे गेले ते गेलेच, पण रेड वाईन म्हणजे हेच असं समजून मी बराच काळ तिच्या वाटेला गेलो नाही, याचा राग जास्त आहे. किती जणांचं असंच होत असेल.

म्हणून माझं ठाम मत: मराठवाड्यात होळीपासून पाऊस पडेपर्यंत महागाची रेड विकत घेऊ नका. दिवाळीनंतर घ्या, एसी चालू असलेल्या आणि वाईनचा खप असलेल्या दुकानातून. वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली धूळ खात उभी असलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी नको. येताना गाडीच्या डिकीत ठेवून दोन कामं उरकत बसू नका.

रेड खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातल्या थंड घरातली. रेडला साधारण १६ ते १८ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तासभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय ग्लासात ओतूच नका. गरम रेडमधलं अल्कोहोल नाकात घुसतं आणि चव जाते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

आता नावं. मी काही जाणकार परीक्षक नाही, चव ज्याची त्याची. अकलूजच्या फ्रातेली या वाईन कंपनीची सेत्ते मला सर्वांत जास्त भावते. सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांच्या जातींचं मिश्रण आहे, आणि अकलूज तर आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यात. शिराझ जातीच्या द्राक्षांची वाईन आवडत असेल तर सुला कंपनीची रासा. तेवढं बजेट नसेल तर त्यांचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समधली ग्रोव्हरची ला रिझर्व्ह जुनी, भरवशाची. नाशिकच्या यॉर्कची आरोस मिळाली तर सोडू नका. परदेशी बाटली इथल्या दुकानातून घेण्याच्या मी विरोधात आहे. इटलीची बार्बेरा असो वा फ्रान्सची बोर्दो, ती जितका लांबचा प्रवास करून आली, तितकी वाटेत तापण्याची भीती जास्त.

एक जाता जाता. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत तुरट कॅबर्ने नको. तिखटाने तिचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जिभेला झोंबतात. नान खलियाचं तिखट बेताचं असेल तर मऊ, फळांच्या चवीची शिराझ छान जमते. ठेच्यासोबत कुठलीच रेड नाही, माझ्या मते. आणि हो, आपल्या राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, घरातल्या पोरांना चव बघायला देऊ नका.

तुमच्या बाटलीचं बूच अजून असेल तर बाजूला रेघ आहे का तेवढं बघून सांगा.