प्रोटॉन फोडून सुटा क्वार्क मिळेल का?

प्रश्न : आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. तेथे प्रोटॉन फोडून, तो ज्या तीन सूक्ष्म कणांचा बनलेला असतो त्यांपैकी एक, म्हणजे क्वार्क, वेगळा काढता येईल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ‘इंडस-२’मध्ये कणांची टक्कर घडवत नाहीत, चुंबकांनी वळवलेले इलेक्ट्रॉन जे क्ष-किरण बाहेर टाकतात, ते पदार्थांची अंतर्रचना तपासण्यासाठी वापरले जातात. मात्र टकरीच्या महायंत्रांतही सुटा क्वार्क कधी सापडलेला नाही. विद्युतबल अंतर वाढले की क्षीण होते. परंतु क्वार्कांना बांधणारे प्रबळ बल क्वार्क एकमेकांपासून दूर ओढल्यावरही ओसरत नाही, आणि ओढण्यात खर्ची पडलेली ऊर्जा पुरेशी साठली की तिच्यातूनच क्वार्क आणि प्रतिक्वार्क (क्वार्कचा विरुद्ध विद्युतभाराचा जुळा कण) यांची नवी जोडी जन्माला येते. त्यामुळे हाती लागतात ते पुन्हा क्वार्क एकत्र बांधले जाऊन बनलेले कणच.

तरीही क्वार्क ही निव्वळ कल्पना नव्हे. १९६८च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे प्रोटॉनांवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता, त्यांतील कित्येक अपेक्षेपेक्षा फार मोठ्या कोनांतून वळले, म्हणजेच आत कुठल्यातरी बिंदूवत कणांवर आदळले. मला याहूनही विलक्षण वाटते ते असे की, तिन्ही क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेले जवळजवळ सगळे त्या बलाच्या आणि क्वार्कांच्या हालचालीच्या ऊर्जेचे आहे.