दुखतो गुडघा, एक्स-रे खुब्याचा?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा काही महिन्यांपासून दुखतो. सूज नाही, पण चालताना त्या लंगडतात. डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि एक्स-रे मात्र खुब्याचा काढायला सांगितला. सासूबाई म्हणतात, ‘खुबा माझा ठणठणीत आहे,’ आणि जायला तयार नाहीत. डॉक्टरांचं काही चुकतंय का?

उत्तर : मला तरी तसं वाटत नाही. एक्स-रे जरूर काढून घ्या.

आधी सासूबाईंना विचारा, खुबा कुठे आहे ते दाखवा. मी शरीररचनाशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच प्रश्न विचारला, की बहुतेकांचा हात कुल्ल्यावर जातो, काहींचा कंबरेच्या हाडावर. खुब्याचा सांधा असतो पुढच्या बाजूला, जांघेच्या घडीखाली, स्नायूंच्या आत खोलवर. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो उंचवटा मांडीच्या हाडाचा. सांधा त्याच्याही आत. मांडीच्या हाडाचं गोल डोकं तिथे खोलगट खोबणीत फिरतं, म्हणून त्याला उखळीचा सांधा म्हणतात.

इतका खोल सांधा बाहेरून ना सुजलेला दिसतो, ना बोटाने चाचपता येतो. शिवाय खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही मज्जातंतू त्याच आहेत. मांडीतून जाताना त्यांच्या फांद्या दोन्ही सांध्यांना मिळतात. त्यामुळे झीज खुब्यात असली तरी मेंदूला ती कळ गुडघ्यातून आल्यासारखी वाटू शकते. सासूबाईंचं दुखणं खरंच आहे, त्यांना ते गुडघ्यातच जाणवतं आहे; उगम वर असू शकतो एवढंच. अपेंडिक्सच्या दुखण्यातही असंच होतं. ते पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होतं आणि नंतर ओटीपोटात उजवीकडे सरकतं.

घरी एवढं पाहा : मोजा घालायला, पायाची नखं कापायला, मांडीवर पाय टाकून बसायला त्यांना त्रास होतो का? जांघेतही दुखतं का? तसं असेल तर खुब्याचा संशय बळावतो. डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवून, गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला असेल, तर तीच या सांध्याची तपासणी होती.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. लहान मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तर त्याचा खुबा तपासून घ्याच. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचं डोकं जागेवरून सरकण्याचा एक आजार असतो. तो नुसत्या गुडघेदुखीने सुरू होऊ शकतो, आणि उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडतो.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं ‘पाय दुखतो’ म्हणू नका. जांघ, मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच : आपल्याकडे इतके नेमके शब्द आहेत, त्यातला एक सांगा आणि बोट ठेवून दाखवा.

प्रश्न : छातीच्या एक्स-रेमध्ये माझं हृदय उजवीकडे झुकलेलं दिसतं. हे धोक्याचं आहे का?

उत्तर : फिल्म अशी धरतात, की जणू तुम्ही समोर तोंड करून उभे आहात. म्हणून बघणाऱ्याची उजवी बाजू ती तुमची डावी. हृदयाचा मोठा भाग डावीकडेच असतो. फिल्मच्या कोपऱ्यात बाजूची खूण असते, ती एकदा पाहून घ्या.