जुना डेस्कटॉप ३.४ गिगाहर्ट्झ, नवा लॅपटॉप २.४. मी फसलो का?

नाही हो, फसला नाहीत. जुन्या डेस्कटॉपमधल्या पेंटियम ४ या इंटेलच्या प्रोसेसरवरचा आकडा मोठा दिसतोय म्हणून तुम्हाला जे वाटलं, तेच वीस वर्षांपूर्वी सगळ्यांना वाटायचं. मी तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओळखीच्यांना पीसी जोडून द्यायचो. पहिला प्रश्न ठरलेला: "किती गिगाहर्ट्झ?" इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचा प्रोसेसर अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ सुचवला की चेहरे पडायचे, कारण तो चालायचा १.५३ गिगाहर्ट्झवर. नावातला १८०० हा गिगाहर्ट्झसारखा वेगाचा आकडा नव्हताच, तुलनेसाठी दिलेला होता.

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, एवढंच. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते त्यात येत नाही.

पेंटियम ४ ची रचनाच ठोके वाढवण्यासाठी होती. २००० साली आला तेव्हा त्याची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून पुढे सरकते ती रांग, २० टप्प्यांची होती, २००४ च्या प्रेस्कॉट या त्याच्याच पुढच्या आवृत्तीत ती ३१ वर गेली. लग्नघरातला पोळ्यांचा घाणा डोळ्यांसमोर आणा. कणीक तिंबणं, गोळे, लाटणं, भाजणं हे काम ३१ जणींत वाटलं, तर प्रत्येकीचा हात भरभर चालेल. पण पुढच्या पंगतीला पोळ्या लागतील असा अंदाज बांधला आणि मागणी पुऱ्यांची आली, तर रांगेतलं सगळं टाकून पहिलीपासून सुरुवात. प्रोग्रॅममध्ये 'हे असेल तर ते कर' अशी वळणं पावलोपावली असतात आणि प्रोसेसर तिथे अंदाजच बांधतो. रांग जितकी लांब, तितकी चूक महाग. त्यात उष्णता! ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच केला, गाडी ३.८ वर थांबली.

मग २००६ मध्ये इंटेलचाच कोअर २ ड्युओ आला. त्याची मुळं इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफातल्या गटाने लॅपटॉपसाठी बनवलेल्या पेंटियम एम या प्रोसेसरमध्ये होती. टप्पे १४, पण एका ठोक्यात चार सूचना हाताळण्याची सोय. त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या ई६६०० ने ३.८ वाल्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत सहज मागे टाकलं, तेही ११५ ऐवजी ६५ वॅटच्या मर्यादेत.

एकाच पिढीतले, एकाच रचनेचे दोन प्रोसेसर असतील, तर गिगाहर्ट्झ जरूर ताडून बघा. तुमच्या बाबतीत ती तुलना लागूच नाही.

शिवाय लॅपटॉपवर छापलेला २.४ हा बहुधा मूळ वेग असेल. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून ठेवा आणि एखादं जड काम सुरू करा; आकडा त्याच्या वर उडी मारताना दिसेल.