सत्ती की राणी?

प्रश्न: परवा ब्रिजमध्ये चार बदामला (बदाम हुकूम, तेरापैकी दहा हात म्हणजे फेऱ्या जिंकायच्या) मी डिक्लेरर, म्हणजे डाव खेळणारा होतो. माझ्याकडे हुकमाचे एक्का राजा गुलाम दश्शी छक्की, डमीत (पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं) राणी सत्ती तिर्री. विरोधी जोडी वेस्ट-ईस्ट, त्यातल्या वेस्टने वीक दोन इस्पिकने (इस्पिक लांब पण पानं कमजोर, असं सांगणारी बोली) ओपन केलेलं, त्याने इस्पिकचा एक्का, राजा आणि मग गुलाम लावला. डमीत इस्पिक दोनच होती, मी डमीतल्या हुकमाच्या सत्तीने मारलं, ईस्टने वरून नव्वी मारली, चौकटचा एक हात तर जाणारच होता, एक डाउन, म्हणजे एक हात कमी पडला. पार्टनर म्हणतो राणीने मारायचं. पण मोठा हुकूम असा घालवायचा का? कसं ठरवायचं?

उत्तर: पार्टनरचं बरोबर आहे, आणि हे टेबलावरच कळण्यासारखं होतं. वीक दोन म्हणजे वेस्टकडे इस्पिक सहा धरायची, तुमची तीन, डमीची दोन, झाली अकरा, म्हणजे ईस्टला दोनच, आणि ती पहिल्या दोन हातांत पडलीसुद्धा. तिसऱ्या इस्पिकला तो वरून मारायला टपलेला असणार. अशा वेळी एकच विचारायचं, राणी गेली तर माझा हुकमाचा हात जातो का? बाहेर बदाम पाच, नव्वी अठ्ठी पंजी चव्वी दुर्री. तुमचे एक्का राजा गुलाम दश्शी हातातच आहेत, चार फेऱ्यांत ४-१ (एका विरोधकाकडे चार, दुसऱ्याकडे एक) असले तरी सगळे निघतात. इथे राणी फुकटात वापरायला मिळत होती हो, तीच तुम्ही जपून ठेवलीत!

पण हा नियम म्हणून पाठ करू नका. समजा तुमच्या हातात एक्का राजा अठ्ठी छक्की चव्वी आहेत, डमी तीच. आता बाहेर गुलाम दश्शी नव्वी पंजी दुर्री. राणीने मारलं आणि हुकूम ३-२ असले तर एक्का-राजा खेळून झाल्यावर बाहेर एक मोठं पान उरतंच, म्हणजे तो हात गेलाच. सत्तीने मारलं आणि ईस्टने वरून मारलं तरी जाणार एकच, कारण मग बाहेर चारच राहतात आणि तुमचे तिन्ही मोठे शाबूत, ३-१ असले तरी निघतात. आणि ईस्टकडे नुसती पंजी-दुर्री असली तर एकही जात नाही. तेव्हा इथे सत्तीच, अजिबात मागेपुढे न बघता.

म्हणून डमीतलं पान सांगायच्या आधी थांबा, बाहेरचे हुकूम नावानिशी आठवा, नुसते पाच आहेत एवढं मोजून भागत नाही. दहा सेकंद लागले तर लागू देत.