अवकाशातून येणारे उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो नेमके कुठून आले, हे कसं शोधतात?

न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ वस्तुमान नसलेला मूलकण. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रं त्याची वाट वाकवू शकत नाहीत. तो सरळ येतो, म्हणून त्याची दिशा मागे ताणली की उगमाकडे बोट दाखवता येतं. अडचण एकच: तो कशालाच सहसा अडत नाही. म्हणून दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने एक घन किलोमीटर बर्फच शोधयंत्र केलाय. बर्फात ५,१६० प्रकाशसंवेदक पुरलेत. न्यूट्रिनो चुकून एखाद्या अणुकेंद्रावर आदळला, तर निघालेला म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) बर्फात निळसर प्रकाशाची रेघ ओढत जातो. कुठला संवेदक किती नॅनोसेकंदांनी आधी चमकला, यावरून दिशा ठरते, अंशभराच्या आत.

२२ सप्टेंबर २०१७ ला असाच एक सापडला. मिनिटाभरात जगभरच्या दुर्बिणींना निरोप गेला, आणि त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेलं दूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र) गॅमा किरणांत भडकलेला दिसला. पण एका न्यूट्रिनोवर किती विसंबायचं? मला २०२२ चा एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा पुरावा जास्त पटतो. तिथे सुमारे दहा वर्षांच्या नोंदींत नेहमीच्या पार्श्वभूमीपेक्षा ७९ च्या आसपास जादा न्यूट्रिनो निघाले. बाकी बहुतेकांचं घर अजून सापडायचंय.