पायावरचे चौकोन

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी २६ वर्षांची आहे. डिसेंबरात तिचं लग्न आहे. तिने एका क्लिनिकमध्ये ‘ब्रायडल पॅकेज’ घेतलं : लेसरने केस काढायची सहा सेशन्स आणि वर ‘ग्लो ड्रिप’. ४८ हजार आगाऊ भरले. दुसऱ्या सेशनला पायांना सुन्न करणारं क्रीम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून घरूनच यायला सांगितलं होतं. त्या रात्री पोटऱ्यांवर ओळीने तांबडे चौकोन उठले, आता ते काळे पडलेत. ते म्हणतात, असं होतंच, पुढच्या सेशनला जाईल. मशीन धरणाऱ्या बाईंच्या अंगात पांढरा कोट होता, पण त्या डॉक्टर होत्या का, हे मुलीला माहीत नाही. विचारायचा संकोच वाटला म्हणे. पुढचं सेशन करावं का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, डाग असेपर्यंत त्या पायांवर लेसर नको. ‘पुढच्या सेशनला जाईल’ हे तर कानाआडच करा. भाजलेल्या जागेवर पुन्हा लेसर मारून डाग जात नाही, वाढतो.

ते चौकोन म्हणजे हँडपीसच्या, म्हणजे लेसर मशीनच्या हातात धरायच्या भागाच्या, टोकाचा ठसा. लेसरला केस ओळखता येत नाही, तो काळ्या रंगावर जातो. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे कातडीला काळसर रंग देणारं द्रव्य, जास्त असेल तर उष्णता केसाच्या मुळाऐवजी वरच अडकते आणि कातडी भाजते. म्हणून एक विचारते : दोन सेशन्सच्या मधे मुलगी उन्हात फिरली होती का? कोकणात, स्कूटरवर, कुठेही? आणि हे तिला तिथे कुणी विचारलं होतं का? रापलेली कातडी दिसली की सेशन तीन-चार आठवडे पुढे ढकलायचं असतं. गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे त्या दिवसाचा गल्ला बुडतो, म्हणून बरेच जण पाठवत नाहीत.

मी साधूपणाचा आव आणत नाही. माझ्याकडे पहिलं मशीन आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने दोन दिवस शिकवलं आणि तो गेला. पहिल्याच महिन्यात एका कॉलेजकन्येच्या ओठावर मी डाग पाडला. तो जायला सात महिने लागले. दर भेटीला तिची आई माझ्याकडे नुसतं बघायची, बोलायची नाही. तेव्हापासून नव्या पेशंटला आधी कानामागे किंवा हनुवटीखाली लेसरचा एकच ठिपका मारून पाहते, आणि दर वेळी मशीनवरचे आकडे केसपेपरवर लिहिते.

तोच कागद आता तुम्ही मागा. कुठलं मशीन, किती ऊर्जा, कोणी केलं, डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा, हाही त्याच नियमांतला भाग. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या यादीत सापडतो का, ते पाहा. नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेल्या पाटीवर जाऊ नका, त्वचेची पदवी-पदविका एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल अशी असते. प्रशिक्षित मदतनीस मुलीने मशीन धरलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही. पण डॉक्टर जागेवर हवा आणि हात लागण्याआधी पाय त्याने पाहिलेले हवेत. डोळ्यांवर चष्मा होता का, हेही मुलीला विचारा. मशीनबरोबरचा, त्याच लेसरसाठीचा. गॉगल नव्हे.

त्या प्लास्टिकने मात्र माझी झोप उडवली. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावरच इशारा दिला होता : २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींनी लेसरआधी पायांना सुन्न करणारं जेल चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं, झटके आले, दोघी गेल्या. मोठ्या भागावर लावून झाकलं की औषध भराभर रक्तात शिरतं. तुमची मुलगी सुखरूप आहे, पण पुन्हा असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही.

ग्लो ड्रिप म्हणजे बहुतेक ग्लुटाथिओन, रंग उजळतो म्हणून विकलं जाणारं औषध. गोरेपणासाठी ते शिरेतून घेऊ नका. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच ते असुरक्षित म्हटलं होतं. आणि सुई टोचायचीच वेळ आली तर ती समोर पाकिटातून काढायला लावा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये रक्त काढून ते चेहऱ्यात टोचण्याच्या ‘व्हँपायर फेशियल’मधून बायकांना एचआयव्ही झाला, तो तपास २०२४ मध्ये छापून आला.

पैशांसाठी ग्राहक आयोग आहे. तिथे पावती, चौकोनांचे तारखेसकट फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो ‘क्रीम लावून या’ हा निरोप, तिन्ही लागतील. निरोप पुसू नका. डॉक्टर नोंदणीकृत असेल तर तक्रार वैद्यकीय परिषदेकडे, नसेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाकडे.

डागांबद्दल : आपल्या कातडीचे असे काळे डाग बहुधा काही महिन्यांत फिके होतात. उन्हापासून जपा, स्क्रब, ब्लीच, लिंबू काही नको, आणि मेडिकलमधून कुणी सुचवलेलं ‘डागांचं ट्यूब’ तर नकोच, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. फोड किंवा पाणी असेल तर आजच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डिसेंबरपर्यंत सगळं नाही गेलं तरी नऊवारी घोट्यापर्यंत येते आणि हल्ली मेंदी पोटरीपर्यंत काढतात. फक्त काळी मेंदी नको, ताई. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. ते कातडीला सोसलं नाही तर चौकोनांऐवजी वेलबुट्टीचे फोड येतील.